माहितीचा उरलेला अर्धा भाग

जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले समुपदेशक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परिचारिका, लिंक वर्कर मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने काहीतरी भारदस्त विषय घ्यावा अशी आपल्याकडे रीत आहे. मी आज एचआयव्ही-एड्सच्या प्राथमिक माहितीवरच बोलणार आहे. ‘ते तर आम्हाला पाठ आहे,’ हे तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर वाचता येतंय. पाठ आहे, हीच तर अडचण आहे. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आईकडून बाळाला हे चार मार्ग आपण इतक्यांदा घोकले की समोरचा माणूसही आपल्याबरोबर मान डोलावतो. मग घरी जातो आणि लागण झालेल्या भावाचं ताट वेगळं काढतो. त्याला चार मार्ग माहीत नसतात असं नाही. त्याचा त्यांच्यावर भरवसा नसतो, कारण आपण त्याला भीती आधी दिली आणि कारण नंतर. कधी कधी कारण दिलंच नाही.

डासाचंच घ्या. ‘डासामुळे होत नाही’ एवढं सांगून आपण पुढे सरकतो. मलेरिया होतो तर हा का नाही, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात तसाच राहतो. खरं तर उत्तर दोन वाक्यांचं आहे. डास चावताना आपली लाळ सोडतो, आधी प्यालेलं रक्त सोडत नाही. आणि हा विषाणू डासाच्या शरीरात वाढूच शकत नाही. ही दोन वाक्यं ऐकलेला माणूस ताट वेगळं करण्याआधी एकदा थांबतो.

एचआयव्ही आणि एड्स यांतला फरकही तसाच. एक विषाणू आहे, दुसरी त्याने आणलेली अवस्था. मध्ये अनेकदा आठ-दहा वर्षं जातात, तीही औषध घेतलं नाही तर. रोगप्रतिकारक सीडी-४ पेशींची संख्या दोनशेच्या खाली गेली किंवा ठरावीक संधिसाधू आजार जडले की त्याला एड्स म्हणायचं. आपल्याकडे त्यांत क्षयरोग सर्वांत पुढे, म्हणून खोकला, ताप, वजन उतरणं हे प्रत्येक भेटीत विचारायचं. आपली वर्तमानपत्रं मात्र आजही ‘एड्सबाधित’ हा शब्द सरसकट वापरतात. ज्याची सीडी-४ सातशे आहे आणि जो रोज कामावर जातो, त्यालाही.

आता गोळी आयुष्यभर का घ्यायची? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून’ हे त्याचं उत्तर नव्हे. हा विषाणू सीडी-४ पेशीत शिरला की आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्या डीएनएतच बसवतो. म्हणजे परक्याने आपल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव चढवलं. गोळ्या त्याला जमीन कसू देत नाहीत, पण नाव काही खोडता येत नाही. काही पेशींत तो वर्षानुवर्षं गप्प असतो. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांतच पुन्हा नांगर जुंपतो. ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईंना हे असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग तलाठ्याला रोज हजेरी लावायची म्हणायची.’ माझ्यापेक्षा त्यांनी ते नेमकं सांगितलं.

त्या बाईंनी मला त्यांची गोळ्यांची बाटली दाखवली. टीएलडी या तीन औषधांच्या एकत्रित गोळीची, तीस गोळ्यांची. वरचं लेबल खरवडून काढलेलं आणि आत कापसाचा बोळा. कोपीवर शेजारी पाच हातांवर दुसरी कोपी, रात्री बाटली उघडताना खुळखुळ ऐकू गेली तर मुकादमापर्यंत बातमी जाणार. उपचार सोडलेल्यांच्या आपल्या यादीत निष्काळजी म्हणून नोंदलेली माणसं मोठ्या संख्येने अशा खुळखुळाटाला भिऊन गळालेली असतात. हंगामाला निघण्यापूर्वी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देणं आणि ज्या कारखान्यावर जायचंय तिथल्या जवळच्या लिंक एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधं देणाऱ्या) केंद्राचा पत्ता हातात देणं, हे त्यांच्यासाठी भाषणापेक्षा मोलाचं.

ही भीती आली कुठून? १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनीने देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात देशातल्या पहिल्या लागणी शोधल्या. तीनच वर्षांनी गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. गुन्हा काय? त्याने रक्तदान केलं होतं आणि त्यात लागण आढळली. क्षयरोग्यांच्या जुन्या आरोग्यधामात पहाऱ्याखाली त्याला ६४ दिवस एकटं ठेवलं. त्याच्या आईने, लूसी डिसोझांनी, दाद मागितली. तो सुटला, पण सक्तीने वेगळं ठेवण्याची कायद्यातली तरतूद न्यायालयाने मोडीत काढली नाही. १९९२ मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी तो गेला. त्या काळात आपल्या भिंतींवर एड्सच्या इशाऱ्यासोबत कवट्या रंगवल्या जात होत्या. तेव्हा औषध हाताशी नव्हतं, हे मान्य. पण औषध आल्यावरही कवट्या पुसायला कोणी गेलं नाही.

औषधाची गोष्टही आपल्या दाराशीच घडली. तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६ पासून जगात रुळला, पण खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तोच उपचार एका सेवाभावी संघटनेला वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये देऊ केला. आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू केली, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या आठ केंद्रांपैकी एक. तेव्हा सीडी-४ खाली आल्यावरच गोळ्या मिळत. २०१७ पासून निदान झालं की लगेच, आकडा कितीही असो.

आणि आता ती गोष्ट, जी अजूनही आपल्यापैकी काही जण सांगायला बिचकतात. नियमित गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नाही आणि तसाच टिकून राहतो, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ‘कमी होते’ असं म्हणू नका. होत नाही. यामागच्या एका मोठ्या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती. त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतलीही (‘नारी’) होती, म्हणजे हा पुरावा आपल्याच माणसांनी दिलेला आहे. २०११ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले. आज इतकी वर्षं उलटूनही जोडीदाराला हे न सांगणारी केंद्रं आहेत. ‘सांगितलं तर निरोध वापरणं सोडतील’ ही सबब मी ऐकलेली आहे आणि ती मला पटत नाही. इतर गुप्तरोग टाळण्यासाठी निरोध हवाच, स्तनपान आणि सुई यांना हे विधान जसंच्या तसं लागू होत नाही, हे सगळं सांगता येतं. लोकांना कळत नाही असं धरून चालणं आपल्याला शोभत नाही.

बाळाचंही तसंच. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के. आई वेळेवर गोळ्यांवर असेल तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. गरोदर बाईला पहिल्याच भेटीत हे कळलं तर ती माहेरी जाऊन गायब होत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही. नोकरी, शाळा, भाड्याचं घर, दवाखाना कुठेही भेदभाव नाही. तक्रारीसाठी राज्यात लोकपाल. तरीही खाटेच्या पायथ्याशी लाल शाईत खूण केलेला केसपेपर मी पाहिलेला आहे, तोही रुग्णालयातच.

माझं मागणं एवढंच आहे. उद्या केंद्रावर जो पहिला माणूस पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन बसेल, त्याला चार मार्ग सांगून झाले की उठू देऊ नका. दार लावा. लग्न, मूल, नोकरी, म्हातारपण हे सगळं गोळ्यांसोबत शक्य आहे, हे पहिल्याच दिवशी सांगा. त्याची तयारी असेल तर पुढच्या भेटीला जोडीदाराला बोलवा. जाताना १०९७ हा मोफत हेल्पलाइनचा क्रमांक लिहून द्या, आणि तो कुठल्या कागदावर लिहून हवाय, हे आधी त्यालाच विचारा.