वळिवड्याची मुलं

वळिवड्याच्या पोलिश छावणीबद्दल आपण कोल्हापूरकर अभिमानाने बोलतो. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित इथे राहिले. बहुतेक बायका आणि मुलंच. त्यांचं स्मारक महावीर उद्यानात आपण रोज जाता-येता पाहतो. हा अभिमान रास्तच आहे. पण ही गोष्ट आपल्या पाहुणचारापासून सुरू होत नाही. आज ती मला त्या मुलांच्या बाजूने सांगायची आहे.

पूर्व पोलंड सोव्हिएत फौजांच्या ताब्यात जाऊन पाच महिने होत आले होते. १० फेब्रुवारी १९४०च्या पहाटे, ऐन थंडीत, हजारो घरांची दारं ठोठावली गेली. बाहेर बंदूकधारी शिपाई. सामान बांधायला कुठे अर्धा तास, कुठे तेवढाही नाही. अशा वेळी बाई काय उचलणार? पीठ, पांघरुणं, पोरांचे कपडे. पुढे आठवडेच्या आठवडे मालगाडीचा बंद डबा. मध्ये एक लोखंडी शेगडी, आणि संडासाला डब्याच्या तळाला पाडलेलं भोक. कोणी अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकूडतोडीला पोचलं, कोणी सायबेरियात, नंतरच्या गाड्यांतले कित्येक कझाकस्तानात. जेवढं काम तेवढा पाव. आई आजारी पडली की पोरांच्या तोंडचा घास कमी.

जून १९४१मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला, आणि स्टालिनला पोलिश सैनिकांची गरज भासली. कैदेतली माणसं सुटली आणि दक्षिणेकडे, उझबेकिस्तानच्या बाजूला निघाली. तिथे टायफस आणि उपासमारीने माणसं पटापट गेली. मला सगळ्यांत कठीण वाटतं ते हे: कित्येक आयांनी आपली जिवंत पोरं आपणहून अनाथालयात नेऊन सोडली. अनाथ मुलांना तिथे खायला मिळत होतं, आणि ती आधी देशाबाहेर जातील अशी आशा होती. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे कसं समजावं? आपल्याला वाचवायला आई आपल्याला टाकून गेली, हे कळायला अर्धं आयुष्य जातं. त्यांतल्या अनेकांना आई पुन्हा दिसली नाही.

१९४२मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून ही माणसं इराणात पहलवी बंदराला लागली. उवांमुळे साथ पसरू नये म्हणून डोकी भादरली, कपडे जाळले. घरून आणलेलं जे अंगावर उरलं होतं, तेही गेलं. तिथून पुढे बरीच माणसं वळिवड्याला आली. काही मुलं नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब यांनी बालाचडीच्या छावणीत ठेवून घेतली. ती छावणी १९४६मध्ये बंद झाल्यावर तिथली मुलंही इथे आली.

वळिवड्यात बराकी होत्या, शाळा, चर्च, नाटकं, स्काउटची पथकं. पोट भरत होतं. तरी भूक पाहिलेली मुलं उद्यासाठी पाव लपवून ठेवत, उशीखाली, गादीखाली. रागावून ही सवय सुटत नाही. तिला वेळच द्यावा लागतो, आणि तो वळिवड्याने दिला, याचं मोल मी फार मानतो.

मग १९४५ साली युद्ध संपलं. जग आनंदात होतं. पण याल्टाच्या बैठकीत पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकली होती. यांतल्या बहुतेकांची गावं आता सोव्हिएत संघात गेली. परत जा म्हटलं तरी जायचं कुठे? ज्यांचे वडील वा भाऊ पोलिश सैन्यात होते, त्यांतले बरेच इंग्लंडला गेले; काही पोलंडला परतले, बाकीचे देशोदेशी पांगले. ज्यांचं कोणीच उरलं नव्हतं, त्यांचं भवितव्य मोठ्या माणसांनी कागदावर ठरवलं.

रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. तीच वस्ती म्हणजे आजचं गांधीनगर. आपण तिथे कापड घ्यायला जातो. पोलिश मुलांनी उतारवयात एकत्र येऊन आपल्या आठवणींचा जाडजूड ग्रंथ केला. तसंच काम गांधीनगरातही व्हायला हवं: सिंधमधून लहानपणी आलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. माझी इथल्या कॉलेजच्या मुलांना विनंती आहे: येत्या सुट्टीत गांधीनगरात जा, त्यांच्याजवळ बसा, आणि ती बोलतील तसं उतरवून घ्या.