दर्शन घेतलं, पुढं काय?



आज आपण पोखर्णीत बसलोत. रेल्वेच्या पाटीवरसुद्धा या गावाच्या नावाला नृसिंह जोडलेला आहे. मघाशी सगळ्यांनी त्याचं दर्शन घेतलं. आता गंमत बघा, तत्त्वज्ञानालाही आपल्याकडं दर्शनच म्हणतात. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा, वेदान्त ही सहा दर्शनं. दर्शन म्हणजे पाहणं. मी कोण, हे जग काय, ते नीट पाहणं. आणि नीती? तिच्यातला ‘नी’ म्हणजे नेणे. जे दिसलं त्याप्रमाणं पाऊल कुठं न्यायचं, ते नीती सांगते.

दिसतं सगळं, पण पाऊल उचलत नाही, अशांचा राजा हिरण्यकश्यपू. तो अडाणी नव्हता बरं का! भागवतात सातवा स्कंध काढून बघा. भाऊ हिरण्याक्ष मेला, आई रडायला लागली, तेव्हा यानं तिला आत्मा अमर असल्याचं काय सुंदर सांगितलंय! एखाद्या महाराजांना जमणार नाही. आणि लगेच पुढच्या अध्यायात स्वतः मरू नये म्हणून तपाला बसला! आईला वेदान्त, आणि आपल्याला वर.

वर तरी कसा मागितला? पक्क्या वकिलानं लिहून दिल्यासारखा. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको. आत नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. एक कलम सोडलं नाही.

असा कागद आपणही करतो. वडील जातात. तेरावा होतो. मग भाऊ म्हणतो, ‘अक्का, एक सही पाहिजे, नुसती कागदापुरती.’ हक्कसोडपत्र! 2005 सालच्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच हक्क दिला. भावाला हे ठाऊक आहे, म्हणून तर सही पाहिजे. कागद नोंदवलेला, साक्षीदार हजर, सही अक्काच्याच हातची. पण सही केली नाही तर माहेर तुटेल, दिवाळीला कुणी बोलावणार नाही, हे भ्या तिच्या पोटात होतं. ते कोणत्या कलमात लिहिलंय?

राजीखुशीनं सोडणाऱ्या बहिणी असतात, नाही म्हणत नाही. पण तिला आधी सांगा की बाई, एवढी जमीन तुझी. तू ठेवून घेतलीस तरी माहेर तुझंच. मग सही मागा. असं सांगितलेल्यांनी हात वर करा बरं... राहू द्या, राहू द्या, बहिणी समोरच बसल्यात. (हशा)

नृसिंह आला तो कलमांच्या फटीतून. उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला, मांडीवर घेऊन नखांनी.

आता प्रल्हाद. बापाचं ऐकावं ही नीतीच आहे, मग त्यानं नीती मोडली का? अहो, ज्याला खांबात देव दिसला, तो ‘नाही दिसला’ असं कसं म्हणेल? जे दिसलं तिकडंच त्यानं पाऊल नेलं. पण बापाचा द्वेष केला नाही. हे फार अवघड आहे, माउली. आपण धुऱ्यावरून भांडलो तर चार पिढ्या बोलत नाही.

नृसिंह म्हणाले, ‘वर माग.’ पोरगं म्हणालं, ‘भक्तीच्या बदल्यात काही मागायला मी व्यापारी नाही.’ बापाची गादी समोर रिकामी पडलेली. तिच्याबद्दल चकार शब्द नाही. शेवटी मागितलं ते बापासाठीच. ज्यानं हत्तीच्या पायी दिलं, कड्यावरून ढकललं, त्याचं पाप धुऊन काढ म्हणाला.

बोला, लक्ष्मीनृसिंह भगवान की जय!