मास्कार्पोने : एका नांवाची कुळकथा

इटलीच्या उत्तरेस लोंबार्दी प्रांत आहे. पो नदीच्या खोऱ्यांतील ही सपाट भूमि कुरणांसाठीं व दूधदुभत्यासाठीं प्रसिद्ध. मास्कार्पोने हें मलईचें मऊ, पांढरें चीज याच प्रांताचें. मलई उकळीच्या बेतास येईपर्यंत तापवावी, तींत लिंबाचा रस किंवा तसेंच एखादें सौम्य आम्ल घालावें आणि ती दाट झाली कीं फडक्यांत बांधून निथळत ठेवावी, एवढीच त्याची कृति. पदार्थ असा साधा. त्याच्या नांवाची उपपत्ति मात्र तितकी साधी नाहीं.

सर्वांत लोकप्रिय कथा स्पेनची आहे. १५३५ पासून अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत मिलानवर स्पेनची सत्ता होती. त्या काळीं कोणी स्पॅनिश अधिकारी हा पदार्थ चाखून ‘मास के ब्वेनो’, म्हणजे ‘चांगल्याहूनहि चांगलें’, असें उद्गारला आणि त्याचेंच मास्कार्पोने झालें, असें सांगतात. कथा गोड आहे; परंतु ‘ब्वेनो’चें ‘पोने’ कसें झालें आणि मधला ‘र’ कोठून आला, याचें उत्तर तिच्यापाशीं नाहीं. ज्यान्नी ब्रेरा (१९१९–१९९२) या लोंबार्द पत्रकारानें हें नांव मास्केर्पा नांवाच्या एका शेतवाडीशीं जोडलें आहे.

याहून सरळ वाट लोकभाषेंतूनच निघते. लोंबार्द बोलींत ‘मास्कार्पा’ किंवा ‘मास्केर्पा’ म्हणजे रिकोत्ता. चीज काढून उरलेलें दुधाचें पाणी पुन्हा तापवून जो चोथा मिळतो, तो रिकोत्ता. त्या शब्दाचा अर्थच ‘पुन्हा शिजविलेलें’ असा आहे. आतां ‘ओने’ हा इटालियन भाषेंतील मोठेपणा दाखविणारा प्रत्यय. मिनेस्त्रा म्हणजे सूप. तेंच भरघोस झालें कीं मिनेस्त्रोने. त्याच रीतीनें मास्कार्पा मोठी होऊन मास्कार्पोने झाली.

एक उरल्या पाण्याचें, दुसरें निखळ मलईचें. मग नांव एक कां? दोन्ही पदार्थ वासराच्या जठरांतील विरजणावांचून, केवळ उष्णता व आम्ल यांच्या योगें होतात. कृतीचें हें साम्यच नांवांत उतरलें असावें. खुद्द ‘मास्कार्पा’ शब्दाचें मूळ भाषाशास्त्रज्ञांत अद्याप वादग्रस्त आहे. तरी एवढें खरें कीं, ज्या नांवाचें श्रेय दंतकथा परक्या सत्ताधीशाच्या जिभेला देते, तें बहुधा गोठ्याशेजारीं चूल पेटविणाऱ्या गवळ्यांच्या बोलींतच जन्मलें.