आधी जमीन, मग नकाशा

परिषदेचे अध्यक्ष महोदय, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, राज्यभरातून आलेले अभियंते, वास्तुविशारद, बांधकाम व्यावसायिक, मिस्त्री मंडळी आणि लातूरकर बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे लातूरनगरीत मनःपूर्वक स्वागत. आमचे गाव डाळींच्या बाजारपेठेमुळे आणि शिक्षणाच्या ‘पॅटर्न’मुळे आपल्याला ठाऊक आहे. परंतु नव्या घरांसाठी जागा तयार करण्याचा विषय इथे चर्चेला यावा, याचे औचित्य आमच्या जमिनीत आहे.

जुन्या गावांनी काळीत नांगर धरला आणि घरे पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या जमिनीत, बांधली. आता पांढरी पुरत नाही. काळ्या रानाचे प्लॉट पडतात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या कडेची माती आधी वाळते, मधली ओलसर राहते. मग जोते सगळीकडे सारखे हलत नाही आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघतात. उपाय आपणा सर्वांना ठाऊक आहेत. काळा थर उथळ असेल तर तो काढून मुरूम थराथराने, पाणी मारून दाबायचा. खोल असेल तर साधारण साडेतीन मीटरपर्यंत किंवा त्याहून खाली जाऊन, ऋतूप्रमाणे ओल बदलत नाही तिथे, खाली फुगवटा असलेले अंडररीम्ड पाइल घ्यायचे. घराभोवती फरसबंदी करून पावसाचे पाणी लांब काढून द्यायचे.

याच जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. जवळपास आठ हजार जीव गेले. त्यानंतर गावेच्या गावे नव्या जागी वसली. भिंतींना भूकंपरोधक पट्टे आले, छते हलकी झाली. तरीही फुगणाऱ्या मातीचा बंदोबस्त वेगळाच करावा लागतो. एका संकटाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

पुणे जिल्ह्यातून आलेल्या मित्रांना माळीण आठवत असेल. ३० जुलै २०१४ रोजी दरडीने ते गाव गिळले. नवे गाव जवळच्या आमडे इथे उभे राहिले आणि २०१७ च्या पहिल्याच जोरदार पावसात तिथले रस्ते व भराव खचले. उतार कापून एका बाजूला भर घातली की पाण्याच्या वाटा बदलतात. त्या आधी आखाव्या लागतात. कोकणात जांभा वरून टणक लागतो, पण त्याच्या पोटात मऊ चिकण थर असू शकतो. मुंबईच्या भरावाच्या जमिनीत खडक लागेपर्यंत पाइल न्यावे लागतात. आणि कुठल्याही शहराच्या कडेला बुजवलेली विहीर किंवा राडारोड्याने भरलेली खाण नव्या प्लॉटखाली दडलेली असतेच.

म्हणूनच एकच टाइप प्लॅन प्रत्येक तालुक्यात पाठवण्याची सवय मला खटकते. नकाशा मंजूर होतो, दर ठरतात, बुकिंग होते आणि मग कोणीतरी ट्रायल पिट खणतो. तोवर पायाच्या खर्चाला अंदाजपत्रकात जागा उरलेली नसते. मग पायात केलेली काटकसर चिरांच्या रूपाने घर घेणाऱ्याच्या गळ्यात पडते, आणि विकत घेताना पायाखाली काय आहे हे पाहण्याचे साधन एकट्या त्याच्याकडेच नसते.

यजमान या नात्याने परिषदेकडे माझे एक मागणे आहे. बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत माती तपासणीचा अहवाल यावा, आणि नगरपालिकेने तो जागेच्या नकाशावर नोंदवून सर्वांना खुला ठेवावा. शेजारच्या प्लॉटवर काय लागले हे कळले, तर पुढचा माणूस आंधळेपणाने खणणार नाही. अर्थात शेजारचा अहवाल आपल्या तपासणीऐवजी चालणार नाही. दहा पावलांवर मुरूम संपून काळी सुरू झालेली आम्ही पाहिली आहे. याबाबतचा ठराव लातुरात झाला, तर आमचे यजमानपद सार्थकी लागेल.

उद्या सकाळी क्षेत्रभेटीसाठी काळ्या रानात खड्डा खणून ठेवला आहे. जुने बूट घालून या. व्यवस्थेत काही उणे राहिले तर हक्काने सांगा. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करून अध्यक्ष महोदयांना कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.