जुन्या जीपचा पत्रा उघडा करताना



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून गाडीचा रंग खरवडण्याविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु सच्चर समितीने २००६ साली सादर केलेल्या अहवालात मुस्लिम कामगारांचे प्रमाण ज्या व्यवसायांत विशेष आढळले, त्यांत मोटारगाड्यांची विक्री व दुरुस्ती हा एक होता. म्हणजे विषय आपल्या घरचाच आहे. आपल्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाचा मामा डेंटिंग-पेंटिंगच्या कामात असतो. बाकीचे आपण गिऱ्हाईक म्हणून तेथे जातो. मला दोघांशीही बोलायचे आहे, गिऱ्हाइकाशी थोडे अधिक.

उदाहरणाला जुनी महिंद्राची जीप घेऊ. आलापल्ली, एटापल्ली, सिरोंचा या बाजूच्या जंगलवाटांवर हिच्याइतकी उपयोगी पडलेली गाडी दुसरी नसेल. (जाता जाता सांगतो, ही कंपनी १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने निघाली होती. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव बदलले.) अशी जीप रंगवायला आणली की मालक म्हणतो, “उस्ताद, वरूनच एक हात मारून द्या.” उस्ताद एकदा समजावून पाहतो, मग पोटासाठी हात मारून देतो. पुढच्या पावसाळ्यात दरवाजाच्या खालच्या कडेला फोड येतात आणि दोष उस्तादाच्या माथी बसतो.

हे फोड का येतात? लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो, हे आपण आठवीत शिकलो. त्यापुढची गोष्ट अशी की गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. तो रंगाखाली वाढतो तेव्हा वरचा थर आतून उचलला जातो. शिवाय तो सच्छिद्र असल्याने ओल आत जातच राहते. सुरजागडच्या डोंगरातले खनिज हेही लोखंडाचे ऑक्साइडच. भट्टीत घालून माणसाने जे वेगळे केले, ते संधी मिळताच पुन्हा एकत्र येते. गंजावर रंग मारणे म्हणजे त्याला पांघरूण देणे होय.

गाडी आपली असो वा विकत घ्यायची असो, पोरांच्या खेळण्यातले लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टीचा जाड थर आहे. मग रबरी मॅट उचलून तळ पाहा. नाल्यांतला चिखल चासीच्या खाचांत बसतो आणि आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवतो. तेथे जाड पापुद्रे निघत असतील, तर रंगाऱ्याच्या आधी वेल्डरची गरज आहे.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम बॅटरी सोडावी. काच, दिवे, बंपर, रबरे उतरवावीत. सपाट भागाला पेंट रिमूव्हर लावला की रंग सुरकुततो आणि पट्टीने निघतो. मात्र जोडांच्या फटींत तो जाऊ देऊ नये. तेथे राहिलेला रिमूव्हर नंतर नव्या रंगालाच खातो. उरलेला रंग पॉलिश पेपरने काढावा, आधी ८० नंबर, मग बारीक. ग्राइंडर एका जागी दाबून धरला की पत्रा तापून वाकडा होतो. तो मुळातच मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाडीचा. खोल खड्ड्यांतला गंज घासून जात नाही. त्याला फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट रिमूव्हर लागतो, आणि तो पुसून पत्रा कोरडा करावा लागतो.

उघडा पत्रा घामाच्या हाताचा ठसासुद्धा धरतो. म्हणून थिनरने पुसल्यावर त्याला हात लावू नये, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. नुसते रेड ऑक्साइड ओल पुरती अडवत नाही. हे काम जून ते सप्टेंबर टाळावे हे उत्तम. दमट हवेत पत्रा काही तासांतच तांबूस पडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रंग सकाळीच मारावा, भर दुपारी गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पोहोचेपर्यंत सुकू लागतो.

चासी क्रमांक ठोकलेला असतो त्या जागी ग्राइंडर मुळीच लावू नये. क्रमांक पुसला गेला तर गाडीवर चोरीचा संशय येतो. रंग बदलला असेल तर आर.सी.मध्ये तशी नोंद करून घ्यावी.

हे सारे घासकाम करतो कोण? बहुधा सर्वांत धाकटा शागीर्द, तोंडाला रुमाल बांधून. जुन्या रंगांच्या थरांत शिसे असू शकते. २०१६ च्या नियमांनी शिशाला दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली खरी, पण ती घरगुती व सजावटीच्या रंगांना. गाडीवरच्या जुन्या थरांना ती कोठून लागणार? शिशाची धूळ लहान वयात मेंदूला अधिक अपाय करते. म्हणून जुना रंग पाण्याच्या पेपरने घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. कोरडा पेपर पत्रा उघडा झाल्यावर. हार्डनर घालून मारायच्या रंगात आयसोसायनेट असते, त्याने दमा जडतो. तेथे रुमाल काय, साधा मास्कही कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, हे उस्तादाइतकेच त्या मुलाच्या वडिलांनीही ध्यानात घ्यावे.

पालकहो, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये दर पाडून मागाल, तेव्हा पाडलेले पैसे याच मास्कमधून आणि याच घासकामातून कमी होतात. चकाकीत कुणी कपात करत नाही, कारण ती आपण पाहतो.

ज्या मुलांचे हात या कामात चालतात त्यांच्यासाठी आय.टी.आय.मध्ये मोटारीच्या बॉडीच्या रंगकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. जे आधीच कारागीर आहेत, त्यांच्या अनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत ठेवलेली आहे. अभ्यासक्रम प्रत्येक आय.टी.आय.मध्ये नसतो, तेव्हा प्रवेशाचे अर्ज सुटताच चौकशी करावी. अर्ज भरण्यात अडचण आली तर शाळा सुटल्यावर मला भेटा.