बाणाची काडी कशाची असावी?

धनुष्यबाणाने शिकार म्हटली की बोलणे धनुष्याच्या ताकदीवरच घसरते. पण बाण जनावराच्या अंगात किती खोल जाणार, हे बरेचसे त्याच्या काडीवर ठरते.

हा वाद जुना आहे. रॉजर ॲस्कम या इंग्लिश विद्वानाने 1545 साली ‘टॉक्सोफिलस’ हे धनुर्विद्येवरचे पुस्तक छापले. सैन्याचे बाण हल्ली ॲस्पेनचे करतात, ते जड ॲश लाकडाचे हवेत, असे त्याने त्यात सांगितले. त्याच वर्षी ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका बुडाली. तिच्या अवशेषांत हजारो बाण मिळाले आणि त्यांतले बहुसंख्य पॉप्लरचे, म्हणजे ॲस्पेनच्याच कुळातले निघाले. ॲस्कमची तक्रार उगाच नव्हती.

वजनाने काय साधते? समजा, 26 ग्रॅमचा बाण सेकंदाला 60 मीटर वेगाने सुटला आणि त्याच धनुष्यातून 39 ग्रॅमचा बाण 51 मीटरने. जड बाण हळू जातो खरा, पण त्याचा संवेग सव्वापटीहून जास्त भरतो. मांस आणि बरगडी वाट अडवतात, तेव्हा तो सहजी थांबत नाही. मात्र जड बाण लवकर खाली येतो, म्हणून अंतराचा अंदाज पक्का हवा.

वजनाइतकाच ताठपणा महत्त्वाचा. सुटताना प्रत्येक काडी लवते आणि मग सरळ होते. आदळताना ती अजून थरथरत असेल, तर जोर आडवा वाया जातो. कार्बनची काडी ही थरथर लवकर थांबवते. शिवाय ती बारीक करता येते. काडी पात्याच्या बुडापेक्षा बारीक असली की जखमेत घासत नाही. ॲल्युमिनियमची काडी एकसारखी मिळते, पण एकदा वाकली की संपली. लाकडात हिकरी जड आणि चिवट, पण सरळ राखायला त्रासाची. ओरेगॉनचा पोर्ट ऑर्फर्ड सीडर सरळ, सुवासिक, पण हलका.

माझे मत विचाराल तर मोठ्या जनावरासाठी बारीक, जाड भिंतीची, वजनदार कार्बन काडी घ्यावी. अर्धवट घुसलेला बाण घेऊन जनावर तासन् तास तडफडते, आणि ते टाळणे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. परदेशात परवाना काढून शिकार करणाऱ्या श्रोत्यांना एकच विनंती: कार्बनची काडी प्रत्येक वेळी सोडण्यापूर्वी हाताने वाकवून पाहा. जराशी चीर दिसली किंवा कडकड ऐकू आली, तर ती टाकून द्या. अशी काडी सुटतानाच फुटून हातात घुसू शकते.