काला आणि यादवी



आज सप्ताहाची सांगता. सात दिवस तुम्ही पहाटेच्या काकड्याला उठलात, पारायणाला बसलात, हरिपाठ केलात. आजची सेवा काल्याची. काल्याच्या दिवशी बाळकृष्णाच्या लीला गायच्या, ही आपली परंपरा. माझ्या गुरुजींनी मला तेच शिकवलं, आणि इतक्या वर्षांत मी ते मोडलं नाही. आज थोडं मोडणार आहे. काल्याच्या दिवशी मी यादवीची कथा सांगणार आहे. जाणत्यांनी मला क्षमा करावी.

का सांगणार? काल रात्री मी महाप्रसादाला आलो, तेव्हा मंडपात दोन पंगती पाहिल्या. मारुतीच्या उजव्या अंगाला एक पॅनल, डाव्या अंगाला दुसरं. कढई एक, आमटी एक, वाढपी एक. आणि त्या वाढप्या पोराला एक जण विचारतो, "तू कोणाचा रे?" पोरगं गांगरलं. म्हणालं, "मी आमटीचा!" (हशा) हसलात. मीही हसलो. पण खोलीवर गेल्यावर मला झोप लागली नाही.

मत कोणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. आचारसंहिता आहे, आणि तो माझा अधिकारही नाही. मत द्या, विचार करून द्या, जरूर द्या. मतपेटी होती तेव्हाही मत गुप्त होतं, आता यंत्र आलं तरी गुप्तच आहे. कायद्यानं तुमचं मत तुमच्या अंतःकरणात ठेवलं. तुम्ही ते कपाळावर लावून का फिरता, एवढंच माझं विचारणं आहे.

ऐका बरं का. माणूस एकटा असतो तेव्हा बराच शहाणा असतो. शेतावर पाणी देत असलेल्या एकट्याला विचारा, "काय हो, दोघांत कोण बरा?" तो म्हणेल, "महाराज, याचं पाण्याचं काम चांगलं, त्याचा स्वभाव चांगला. दोघंही आपलेच." तोच माणूस रात्री आपल्या लोकांत पारावर बसू द्या. पहिला म्हणतो, "त्याला कामातलं कळत नाही." दुसऱ्याला तेवढ्यावर थांबून कसं चालेल? तो म्हणतो, "कळतं, पण करायचं नाही त्याला." तिसरा म्हणतो, "करतो ना, स्वतःचं घर भरायचं काम करतो." चौथ्यापर्यंत गोष्ट येते तेव्हा उमेदवाराच्या आज्याचाही उद्धार झालेला असतो. या चौघांत नवी माहिती काय आली? काही नाही. पुरावा आला? नाही. फक्त माना डोलल्या. आणि पाचवा एक कोपऱ्यात बसलेला असतो, त्याला वाटतं, हे जरा जास्त होतंय. पण तो बोलत नाही. बोललो तर म्हणतील, हा तिकडचा दिसतो! त्याचं गप्प बसणं बाकीचे होकार म्हणून मोजतात. आता तर पारावर जायचीही गरज नाही. पार खिशात आला. मोबाईलवर पॅनलचा ग्रुप, रात्री बारापर्यंत तोच गजर.

भजनात पाहा, लय चढते. कोणी एका टाळकऱ्यानं चढवलेली नसते. याचा टाळ किंचित पुढं जातो, तो गाठायला त्याचा जातो, आणि बघता बघता सगळे धावायला लागतात. नामाची लय चढली तर देव भेटतो. निंदेची लय चढली तर शेजारी तुटतो.

आमच्या श्रोत्यांत एक प्राध्यापक आहेत. त्यांनी मला सांगितलं, महाराज, यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केलेत. फ्रान्समध्ये शाळेतल्या मुलांचे गट बसवले. त्यांचे पुढारी द गॉल, त्यांच्याविषयी मुलांचं मत आधी थोडं चांगलं होतं. अमेरिकी लोकांविषयी थोडं वाईट होतं. मुलांना आपापसांत चर्चा करायला लावली. चर्चा झाल्यावर पुन्हा विचारलं. पुढाऱ्याविषयीचं चांगलं मत आणखी चांगलं झालेलं, अमेरिकी लोकांविषयीचं वाईट मत आणखी वाईट! १९६९ साली हे छापून आलं. मी म्हटलं, सर, आमच्या गावात हा प्रयोग दर पाच वर्षांनी होतो, फक्त छापत कोणी नाही. (हशा)

आता दुसऱ्यांचं पुरे. माझं पाप सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावी निकालानंतर माझं कीर्तन होतं. निवडून आलेल्या मंडळींनी ठेवलं होतं. समोर सगळे जिंकलेले, गुलाल अजून कानात होता. मी बोलता बोलता हरलेल्यांवर एक विनोद केला. मंडप हसला. माउली, हशा हे फार वाईट व्यसन आहे. मी दुसरा केला, पहिल्यापेक्षा तिखट. अधिक हसले. तिसरा तर मी एका घरावरच नेऊन ठेवला, नाव न घेता. पण नाव घ्यायची गरज कुठं होती? आणि माझ्या उजव्या हाताला मृदंग वाजत होता तो थांबला. आमचे मृदंगाचार्य त्याच गावचे, माझ्या दिंडीत बावीस वर्षं चाललेले. ते घर त्यांच्या सख्ख्या भावाचं. ते काही बोलले नाहीत. मृदंगाला गवसणी घातली, विण्याला नमस्कार केला आणि खाली उतरले. मी कीर्तन पुरं केलं. टाळ वाजत होते, पण बिनमृदंगाचं कीर्तन कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. मी कोणत्याही पॅनलचा नव्हतो, बरं का! मला त्या गावात मतही नव्हतं. समोर एकाच बाजूची माणसं बसली आणि अर्ध्या तासात मी त्यांच्यापेक्षा कडवा झालो. वय पन्नाशीच्या पुढं, अंगावर उपरणं, गळ्यात तुळशीची माळ. माळेनंही मला अडवलं नाही.

आता कथा ऐका. कुरुक्षेत्रावर युद्ध झालं. उमेदवार दोन, धर्मराज आणि दुर्योधन. द्वारकेचे यादव कोणाकडं? दोन्हीकडं! भगवंत स्वतः निःशस्त्र पांडवांकडं, सेना कौरवांकडं. सात्यकी पांडवांकडून लढला, कृतवर्मा कौरवांकडून. दोघंही यादव, एका रक्ताचे. युद्ध संपलं. दुर्योधन गेला, धर्मराज गादीवर बसले. हे दोघं द्वारकेला परत आले. एक नाही, दोन नाही, छत्तीस वर्षं एका नगरीत राहिले. एकमेकांच्या घरची लग्नं पाहिली असतील, एकमेकांच्या सुतकात गेले असतील.

छत्तीसाव्या वर्षी सगळे प्रभासक्षेत्री गेले. समुद्रकाठी, सोमनाथाजवळ. जेवणावळ बसली, मद्य फिरू लागलं. आणि सात्यकीच्या तोंडून जुना शब्द निघाला. "झोपलेल्यांना मारणारा क्षत्रिय म्हणवतो काय रे स्वतःला?" कृतवर्मा अश्वत्थाम्याबरोबर त्या काळरात्री पांडवांच्या शिबिरावर गेला होता, दारात उभा होता. ती रात्र याच्या मनात छत्तीस वर्षं जागी होती. प्रद्युम्नानं लगेच मान डोलावली. आलं ना लक्षात? पहिला बोलला, दुसऱ्यानं डोलावली. कृतवर्मा बरा गप्प बसेल! तो म्हणाला, "आणि भूरिश्रव्याचा हात तुटलेला, तो प्राण सोडायला बसलेला, त्याचं डोकं कोणी उडवलं?" तेही खरंच होतं. दोघांचं खरं होतं माउली, म्हणून तर भांडण मिटेना. आपलं पाप कोणाला आठवत नव्हतं, दुसऱ्याचं कोणी विसरत नव्हतं.

सात्यकी उठला, कृतवर्म्याचं मस्तक उडवलं. भोज आणि अंधक सात्यकीवर धावले. कशानं मारलं त्याला? व्यासांनी लिहून ठेवलंय. उष्ट्या भांड्यांनी! ज्या पात्रांत आत्ता जेवले, तीच पात्रं हत्यार झाली. प्रद्युम्न सोडवायला गेला, तोही पडला. मग समुद्रकाठचा लव्हाळा उपटला, त्याची मुसळं झाली. बाप लेकाला ओळखेना. ऋषींचा शाप होता, गांधारीचा शाप होता, हे खरं. पण शापाला आत यायला दार लागतं, आणि ते दार होतं जुनं उणं काढणारी जीभ.

दुर्योधनाला जाऊन छत्तीस वर्षं झाली होती. उमेदवार केव्हाच गेला. कार्यकर्ते अजून मरत होते!

आता सांगा, ही पंगत कोणाची? ज्यानं गोकुळात काला केला, त्याचीच. लहानपणी यमुनेकाठी त्यानं सगळ्यांच्या शिदोऱ्या सोडवल्या. कोणाचं ताक, कोणाची भाकर, कोणाचं लोणचं, सगळं एकत्र कालवलं. तुझं कुठलं, माझं कुठलं, ओळखू येईना. आणि त्याच भगवंताला म्हातारपणी आपल्याच कुळाची उष्ट्या भांड्यांची लढाई पाहावी लागली. देव घरात होता तरी ती टळली नाही. मग देव आमच्या मंडपात आहे, म्हणून आम्ही निर्धास्त कसे?

म्हणून आज माझं बिदागीऐवजी एक मागणं आहे. काल्याची हंडी फुटली की दोन पंगती बसणार नाहीत. एकच बसेल, आणि प्रत्येकानं दुसऱ्या पॅनलच्या माणसाशेजारी बसायचं. घासापुरतं निवडणुकीचं बोलायचं नाही. रात्री आपल्या लोकांत बसाल तेव्हा कोपऱ्यातल्या त्या पाचव्या माणसानं एकदा तोंड उघडायचं. "अरे, एवढंही नाही हं," इतकंच म्हणायचं. लय खाली यायला तेवढा एक ठेका पुरतो. मतं सारखी पडली तर काय करतात? चिठ्ठी काढतात. तिला नाव काय? ईश्वरचिठ्ठी! शेवटी त्याच्यावरच सोपवता ना? मग आधीपासून थोडं सोपवा.

त्या मृदंगाचार्यांकडं मी पुढच्या एकादशीला गेलो. पाय धरले. त्यांनी उठवलं, चहा दिला, पण मृदंगाचा विषय काढला नाही. आता ते वारीला दुसऱ्या दिंडीत चालतात. वाखरीला भेट होते. ते माझ्या पायांना हात लावतात, मी त्यांच्या लावतो. गवसणी अजून सुटलेली नाही. माझ्या तीन विनोदांची ती किंमत आहे, मी फेडतोय. तुमच्यावर ती वेळ अजून आलेली नाही. रविवार अजून पुढं आहे.

चला, हंडी बांधली आहे. उजवीकडचे डावीकडं या, डावीकडचे उजवीकडं जा. बोला, पुंडलिकवरदे हारी विठ्ठल!